बँकेतून न्यूजरूममध्ये

टीव्हीवर बातम्या देणारी माणसं लहानपणापासून हेच ठरवून आलेली असतात असं वाटत असेल तर जरा मागे जाऊन बघू. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि मराठी बातम्या वाचायला जी माणसं स्टुडिओत येऊन बसली त्यातले अनंत भावे कॉलेजात मराठी शिकवायचे, मुलांसाठी कविता लिहायचे. भक्ती बर्वे नाटकातल्या. स्मिता पाटील आधी बातम्या वाचायची, सिनेमा नंतर आला. टीव्हीचा पत्रकार अशी जमातच तेव्हा महाराष्ट्रात नव्हती, मग दुसऱ्या कामातून उचलून आणण्याशिवाय करणार काय? आणि तसं म्हटलं तर १८३२ ला 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकरही मास्तरच की, आणि टिळक गणित शिकवायचे. तिकडे दिल्लीत प्रणय रॉय हे सीए झालेले, अर्थशास्त्र शिकवणारे गृहस्थ निवडणुकीचे आकडे घेऊन टीव्हीवर आले, आणि आज मतमोजणीच्या दिवशी आपण मतं इकडून तिकडे किती सरकली, म्हणजे ज्या स्विंग-बिंगच्या गप्पा मारतो त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

तर, लाईन बदलून बातम्यांत येणं हा काही आजकालच्या पोरांचा फॅड नाही.

आता ही बघा, एका मराठी न्यूज चॅनलच्या न्यूजरूममध्ये कोपऱ्यात हेडफोन लावून बसलीय ती. नाव सांगायचं नाही असं ठरलंय, चॅनलचंही नाही, कारण परवानग्यांच्या भानगडीत पडलो असतो तर हा व्हिडिओ पुढच्या वर्षी आला असता. तिशी ओलांडलीय. बँकेची पीओची, म्हणजे ऑफिसरची, परीक्षा पास होऊन राष्ट्रीयीकृत बँकेत लागली, धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पोस्टिंग, टेबल शेतीकर्जाचं. म्हणजे दिवसभर सातबारा, फेरफार, पीककर्जाचं नूतनीकरण, जामीनदाराच्या सह्या, आणि मार्च आला की वसुली. संध्याकाळी रूमवर येऊन टीव्ही लावायचा आणि अँकर अडखळला की त्याच्याआधी वाक्य पूर्ण करायचं, हा तिचा छंद. आरशासमोर कंगवा धरून बातम्या वाचलेल्या आहेतच, ते कुणी चुकवलंय.

बँकेचा बाँड संपला आणि हिने राजीनामा टाकला. घरी काय झालं असेल ते तुम्हाला माहितीये. आई म्हणाली, "अगं, बँकेतली पोरगी म्हणून स्थळं येत होती, आता काय सांगू, टीव्हीत जाते म्हणून?" वडील काहीच बोलले नाहीत, फक्त पीएफचं काय करणार एवढं विचारलं.

यात यायला डिग्री लागतेच असं नाही, पण कोर्सने दार उघडतं. पुण्यात फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत गरवारे, अमरावतीला आयआयएमसी. आणि या सगळ्यांच्या बाजूला गल्लोगल्ली "महिन्याभरात अँकर बना" वाले क्लास आहेत, भरमसाठ फी, मागे हिरवा पडदा, मेकअप करून एक शोरील, म्हणजे नमुन्याचा व्हिडिओ, हातात देतात. माझं मत विचाराल तर तिकडे पैसे घालण्यापेक्षा रोज एक पेपर मोठ्याने वाचा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि स्वतःचा आवाज ऐकायचा त्रास सहन करा. फुकट आहे.

हिला अँकर व्हायचं होतं. मिळालं आउटपुट डेस्क, म्हणजे आलेल्या बातम्या लिहून बुलेटिन बांधायचं टेबल. जवळपास सगळ्यांना हेच मिळतं, कारण स्टुडिओतल्या एका खुर्चीमागे डेस्कवर, पीसीआर म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये, एडिटला, ग्राफिक्सला, रिपोर्टरांना कामाला लावणाऱ्या असाइनमेंटला माणसांची फौज असते आणि ती घरबसल्या कुणाला दिसत नाही.

स्क्रीनवर ही जी यादी दिसतेय तो रनडाऊन, बुलेटिनमध्ये कशानंतर काय जाणार ते, आणि तो दोन मिनिटंही जागेवर राहत नाही. रिपोर्टर व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकतो, स्ट्रिंगरचा, म्हणजे पगारावर नसलेल्या गावच्या बातमीदाराचा, व्हिडिओ येतो, असाइनमेंटवाला तिकडून ओरडतो फीड आलं फीड आलं, आणि मग हिने त्यातून अँकर लिंक म्हणजे अँकरने वाचायची सुरुवात, दृश्यांवर वाचायचा तीस सेकंदांचा व्हीओ आणि मध्ये बाईट, म्हणजे कुणाचं तरी बोलणं, असं पॅकेट बांधून द्यायचं. तीस सेकंद म्हणजे साधारण साठ-सत्तर शब्द. त्यात कोण, कुठे, काय, किती सगळं बसलं पाहिजे आणि ऐकणारा भाजी चिरता चिरता ऐकतोय हे धरून चाललं पाहिजे, त्याला मागे जाऊन परत वाचता येत नाही. बँकेत "उपरोक्त विषयास अनुसरून" लिहून हात बसलेला. हिचं पहिलं स्क्रिप्ट सिनियरने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, एका दमात, कारण पूर्णविराम शेवटी एकच होता. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "आता मला पाणी दे आणि याची पाच वाक्यं कर."

टीपीवर, म्हणजे टेलिप्रॉम्प्टरवर, वाचायची टेस्टही झाली तिची. ण आणि न ठीक, चहातला च आणि चमच्यातला च ठीक, पण कानात पीसीआरमधून आवाज सुरू झाला आणि गाडी घसरली. अँकरच्या कानात कुणीतरी सतत बोलत असतं, फोनोवर म्हणजे फोनलाइनवर आमदार आलेत, ते गेले, दहा सेकंदांत ब्रेक, पुढची बातमी ड्रॉप, आणि त्याच वेळी तोंडाने वेगळंच वाक्य चेहरा न हलवता चालू ठेवायचं. हे येत नाही. कुणालाच येत नाही सुरुवातीला. एका गोष्टीत मात्र ती पुढे निघाली, आकडे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे नव्या पोरांना समोर आलं की जीभ अडकते आणि मग सरळ इंग्रजीत सुटतात, हिने आयुष्यभर नोटा आणि कर्ज मोजलेलं, हिला ते झोपेतही येतं.

आता खरी गोष्ट सांगतो, ज्यासाठी आम्ही हा व्हिडिओ करायचा ठरवला. एका संध्याकाळी कर्जमाफीवर स्पेशल होता. ग्राफिक्सकडून जुन्या दोन कर्जमाफ्यांची तुलना करणारी, स्क्रीनवर दाखवायची प्लेट आली, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, दीड लाखापर्यंत, आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, दोन लाखांपर्यंत. दुसरीच्या खाली लिहिलं होतं "प्रत्येकाचे दोन लाख माफ". बघायला बरोबर वाटतं ना? डेस्कवर सगळ्यांना वाटलं. ही उठून ग्राफिक्सवाल्याकडे गेली आणि म्हणाली हे काढ. कारण त्या योजनेत मुद्दल आणि व्याज मिळून दोन लाखांच्या वर गेलं की तो शेतकरी यादीतच नव्हता. दोन लाख दहा हजार थकलेत तर दोन लाख सरकार भरणार आणि वरचे दहा हजार आपण, असा हिशोब नव्हताच, पूर्ण बाहेर. आणि ही असली माणसं तिच्या टेबलासमोर बसलेली होती, पासबुक घेऊन, साहेब मी वरचे भरतो की, माझं नाव घ्या यादीत. काउंटरच्या या बाजूला बसून त्यांना नाही म्हणायचं काम हिने केलंय.

प्रोड्यूसर म्हणाला ऑन एअर जायला चार मिनिटं आहेत, तुला नक्की माहितीये का? हिने शासन निर्णय काढून समोर ठेवला, प्लेट बदलली, आणि अँकरसाठी एक जास्तीचा प्रश्नही लिहून दिला, की नियमित हप्ते भरणाऱ्याला काय मिळालं. हा प्रश्न गावात फार चिडून विचारला जातो, ज्याने बायकोचे दागिने मोडून कर्ज फेडलं त्याचा काय गुन्हा. २०१७ ला पंचवीस हजारांपर्यंत प्रोत्साहन होतं, २०१९ च्या वेळी पन्नास हजारांपर्यंतची घोषणा झाली आणि पैसे खात्यात यायला २०२२ उजाडलं. पाहुणा म्हणून आलेला नेता या प्रश्नाला जो अडकला तो ब्रेकपर्यंत अडकलेलाच होता.

त्या दिवसानंतर डेस्कवर शेती, बँक, विमा असं काही आलं की ते तिच्याकडे सरकवतात. गंमत अशी की बँक सुटावी म्हणून ती इथे आली आणि इथे तिला किंमत मिळाली ती बँकेमुळेच. मला विचाराल तर लाईन बदलणारे इथेच फसतात, आधीचं सगळं पुसून कोरं होऊन येतात आणि मग बावीस वर्षांच्या पोरांशी त्यांच्याच खेळात स्पर्धा करतात. ती पोरं कमी झोपतात, जास्त वेगात टाइप करतात. त्यांना हरवायला जाऊ नका.

पगाराचं बोलू, कारण यावर कुणी बोलत नाही. हातात येतं ते बँकेच्या निम्म्याहून कमी. मुंबईत रूम शेअरिंगवर, लोकलने लोअर परळ, शिफ्ट आठवड्याला बदलते. दिवाळीला सुट्टी मागायची नसते, गणपती विसर्जनाला तर नाहीच, लालबागचा राजा गिरगाव चौपाटीवर पोचेपर्यंत लाइव्ह चालू. जुलैत हिंदमाताला पाणी तुंबलं की रिपोर्टर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा, आणि डेस्कवरचा माणूस कोरडा असला तरी घरी तोही जाऊ शकत नाही, ट्रेन बंद. गुरुवारी रेटिंग, म्हणजे टीआरपी, येतं, ते आलं की कुणाचा तरी शो बंद होतो, कुणाची तरी वेळ बदलते. नोकरी जायची भीती बँकेत नव्हती. इथे ती कायम शेजारच्या खुर्चीत बसलेली.

मग माणसं राहतात कशी? हे डेस्कवरच्या जुन्या लोकांना विचारलं तर ते २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ काढतात. आदल्या रात्री मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याच्या बातम्या, सकाळचे पेपर तेच छापून दारात पडलेले, आणि पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठते, आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी होऊन जातो. नाईटवाले घरी निघालेले, मॉर्निंगवाले चहा घेतायत. कुणाच्या हातात काही नाही, रनडाऊन अख्खा रद्दी. त्या सकाळी जे ड्युटीवर होते ते आजही कॉलर ताठ करून सांगतात मी होतो. ही तेव्हा बँकेत नोकरीला होती, चौथा शनिवार म्हणून सुट्टी, रूमवरच्या टीव्हीवर बघत होती.

अँकरची खुर्ची अजून मिळालेली नाही. दुपारचं एखादं पाच मिनिटांचं बुलेटिन कुणी आजारी पडलं तर वाचते, आई ते बरोबर पकडते आणि फोन करून साडीच्या रंगावर बोलते, बातमीवर नाही. आता हिचं डोकं दुसरीकडेच लागलंय. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं, तिथे फील्डवर पाठवा म्हणून मागे लागलीय. डेस्क हेड म्हणतो तुला सोडलं तर इकडे कॉपी कोण लिहिणार. ती म्हणते पीकविम्यावर मंत्र्याला प्रश्न विचारायला तुमच्याकडे दुसरं कोण आहे ते सांगा, मी बसते. आम्ही शूटिंग आवरत होतो तेव्हाही हा वाद चालूच होता, आणि तेवढ्यात सहाचं बुलेटिन आलं म्हणून दोघंही गप्प बसून कामाला लागले.