पहिला हिसका कुठल्या दिशेचा?

श्रोतेहो, नमस्कार.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरलं आणि इथे सोलापुरातही माणसं अंथरूण सोडून रस्त्यावर आली. आफ्रिका दुभंगतेय अशी बातमी आली, की आजही इथे हमखास कुणीतरी विचारतं, "म्हणजे आपलीही जमीन फाटणार का?"

तर किल्लारीला जमीन फाटली नव्हती, दाबली गेली होती. आपला भूखंड उत्तरेला आशियाला रेटतोय. त्या दाबाखाली खडक तुटला आणि एक बाजू दुसरीवर चढली.

हे कळतं भूकंपाच्या पहिल्या हिसक्यावरून. खडक दाबाने तुटला, तर भूकंप नोंदवणाऱ्या दूरच्या केंद्रावरची जमीन आधी किंचित वर उचलली जाते. ताणाने तुटला, तर आधी खाली जाते. नोंदीवरची रेघ पहिल्यांदा कुठे वळली, एवढंच पाहायचं. अर्थात एका केंद्राच्या भरवशावर कुणी निकाल देत नाही, चहूबाजूंच्या नोंदी जुळवाव्या लागतात.

इथिओपियातल्या अफारमध्ये हा हिसका ताणाचा निघतो. सप्टेंबर 2005 मध्ये तिथे काही दिवसांत शेकडो धक्के बसले. त्यांच्या जागा नकाशावर मांडल्या, तर सुमारे 60 किलोमीटरची ओळच तयार झाली. खालून तप्त शिलारस त्या फटीत घुसला होता. काही ठिकाणी जमीन तब्बल 8 मीटर सरकली. एरवी वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, एवढाच तिथला वेग!

त्याहून खोलवरचं सांगतात त्या भूकंपाच्या लहरी. तापलेल्या, अर्धवट वितळलेल्या खडकातून जाताना त्या रेंगाळतात. पूर्व आफ्रिकेखालून येणाऱ्या लहरी उशिरा पोहोचतात, म्हणून तिथला खडक खोलपर्यंत तापलेला आहे हे ओळखता आलं.

आपल्या काळ्या रानाखालचा खडकही असाच लाव्हा थिजून झालाय, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. किल्लारीला भोक पाडून पाहिलं, तर त्याचे थर तीनशे मीटरहून जास्त जाड भरले. त्याच सुमारास भारताच्या पश्चिमेचा एक तुकडा सुटून निघाला, तो म्हणजे सेशेल्स. आज तो भर समुद्रात आहे. पण जहाजांवरून कृत्रिम लहरी सोडून मोजलं, तेव्हा त्याच्याखाली 30 किलोमीटरहून जाड कवच सापडलं. महासागराच्या तळाचं कवच जेमतेम सात किलोमीटर असतं, म्हणजे सेशेल्स हा खंडाचाच तुकडा.