आगटीभोवतीचे शब्द

[दृश्य: ज्वारीचं रान, सकाळचं धुकं, खड्ड्यात रचलेल्या गोवऱ्या]

जानेवारीची सकाळ. सोलापूरबाहेरचं ज्वारीचं रान आणि बांधाला हुरडा भाजायला खणलेला हा खड्डा. याला म्हणायचं आगटी. काडी ओढली, गोवरीनं धरलं आणि वर आला तो जाळ. या जाळातच कणीस घालायची घाई करणारा पाहुणा शहरातला समजावा. कणीस वरून करपतं, दाणा आत कच्चाच. जाळ बसू द्यायचा. मग खाली राहतो विस्तव, त्यावर गरम राखेचा फुफाटा. कणसं खुपसायची ती इथं.

'आगीतून फुफाट्यात' याचा अर्थ आगटीजवळ बसल्यावर कळतो. आग निदान दिसते तरी. फुफाटा वरून निवलेला वाटतो.

[दृश्य: खापरीवरचे निखारे]

काडेपेटी घरोघरी नव्हती, तेव्हा एका चुलीतला विस्तव खापरीवरून शेजारच्या चुलीत जायचा. हाडवैर सांगताना मराठी माणूस म्हणतो, 'त्या दोघांत विस्तव जात नाही.' शेजार तुटला, आणखी काय सांगायचं!

आगटीभोवती कानडी बोलणारा गडी असेल तर तो याच आगीला 'बेंकी' म्हणेल. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरी ती 'निप्पु', पण काडेपेटी मात्र 'अग्गिपेट्टे'. संस्कृत अग्नी, प्राकृत अग्गि, मराठी आग. आपली आगपेटी तिची सख्खी बहीणच.

[दृश्य: गिरणीचं जुनं धुराडं]

इंग्रजीत 'फायर' हा एकच शब्द बंदुकीलाही चालतो आणि नोकरीवरून काढायलाही. मराठीत गोळी झाडतात, माणसाला कामावरून काढतात. आगीचा संबंध नाही. पण 1877 साली उभी राहिलेली 'जुनी मिल' ही सोलापूरची कापडगिरणी बंद पडली, पुढे इतर गिरण्याही, तेव्हा कामगारांच्या घरचं बोलणं चुलीपाशीच आलं: 'चूल पेटायची कशी?'

[दृश्य: रात्र, होम मैदान, गर्दी]

संक्रांतीच्या दिवशी सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम होतो. सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धरामेश्वर, त्यांच्या योगदंडाशी लग्न लावलेल्या कुंभारकन्येची ती आठवण. इथं 'पेटवला' म्हणत नाहीत, होमाचं प्रदीपन होतं. त्यानंतरच्या रात्री शोभेचं दारूकाम. परगावच्या माणसाला हा शब्द ऐकून भलतीच आशा वाटते, पण इथली दारू आकाशात उडते!

[दृश्य: पुन्हा रान, हातावर चोळलेला हुरडा, शेंगाची चटणी]

आग विझवतात. देवापुढच्या दिव्याला 'विझव' म्हटलं तर घरातली आजी रागावते, दिवा मालवायचा किंवा शांत करायचा. आगटीला यातलं काहीच करावं लागत नाही, ती आपली आपण निवते. शेवटची दोन कणसं अजून फुफाट्यात आहेत. चटणी इकडे सरकवा.