महामारीतील मुदतवाढ : आजच्या फायलींसाठी

मित्रहो, महामारी ओसरून काही वर्षे झाली असताना दावे-अपिलांच्या मुदतवाढीचा हा विषय आज कशाला, असे तरुण सहकाऱ्यांना वाटले असेल. त्याचे उत्तर आपल्याच कपाटातील फायलींत आहे. २०१८-१९ मधल्या व्यवहारांवरून दाखल झालेले वसुलीचे दावे आता पुराव्याच्या टप्प्यावर आले आहेत, आणि ‘दावा मुदतबाह्य आहे’ हा परिच्छेद नसलेली कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, शोधूनच काढावी लागेल. हुकूमनाम्याच्या दरखास्तीला, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जाला, तर १२ वर्षांची मुदत असते. त्यामुळे हा हिशोब आणखी बराच काळ आपला पिच्छा सोडणार नाही.

२३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन, संविधानाच्या अनुच्छेद १४२ व १४१ खालील अधिकार वापरून, १५ मार्च २०२० पासून पुढील आदेशापर्यंत सर्व प्रकारच्या कार्यवाहींची मुदत वाढवली. ८ मार्च २०२१ ला ही सवलत संपवण्यात आली, दुसरी लाट आल्यावर २७ एप्रिलला ती पूर्ववत झाली, २३ सप्टेंबरला पुन्हा तिची सांगता झाली आणि १० जानेवारी २०२२ रोजी शेवटचा आदेश निघाला. आज आपल्या कामाचा आहे तो हा शेवटचा आदेश. त्याच्या आधीचा एखादा आदेश जोडून ‘९० दिवस उलटून गेले’ असा युक्तिवाद करणारे वकील मी अजूनही पाहतो, म्हणून हा क्रम सांगितला.

शेवटच्या आदेशानुसार १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळायचा आहे. दोन्ही टोकांचे दिवस धरून तो ७१६ दिवसांचा होतो. १५ मार्च २०२० रोजी मुदतीचे जेवढे दिवस शिल्लक होते, तेवढे १ मार्च २०२२ पासून पुन्हा मिळतात. मुदत त्या वगळलेल्या काळातच संपणार असेल, तर १ मार्च २०२२ पासून किमान ९० दिवस मिळतात. परंतु शिल्लक मुदत ९० दिवसांहून अधिक असेल, तर ती अधिक मुदत लागू होते. गफलत होते ती या शेवटच्या वाक्यात. ९० दिवस ही किमान हमी आहे, कमाल मर्यादा नव्हे, आणि प्रतिवादीकडून ती नेमकी उलटी मांडली जाते.

आरिफ अझीम कंपनी विरुद्ध ॲपटेक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च २०२४ रोजी हा हिशोब स्वतः करून दाखवला आहे. वादाचे कारण २८ मार्च २०१८ रोजी घडले होते आणि तीन वर्षांची मुदत एरवी २७ मार्च २०२१ ला संपली असती. १५ मार्च २०२० रोजी त्यातील एक वर्ष आणि १३ दिवस शिल्लक होते. ते १ मार्च २०२२ पासून मोजल्यावर मुदत १३ मार्च २०२३ पर्यंत गेली. निकालपत्रातील हा भाग फायलीत लावून ठेवावा. युक्तिवादाची निम्मी मेहनत वाचते.

मात्र नुसता हिशोब बरोबर असून भागत नाही, तो दाव्यात लिहिलेला असावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ६ प्रमाणे, दावा मूळ मुदत संपल्यानंतर दाखल होत असेल, तर कोणत्या आधारावर सूट मागितली आहे ते दाव्यातच नमूद करणे आवश्यक आहे. ‘कोविडमुळे दावा मुदतीत आहे’ एवढे मोघम वाक्य मला पुरेसे वाटत नाही. कारण घडल्याची तारीख, मूळ मुदतीचा शेवटचा दिवस, १५ मार्च २०२० रोजीची शिल्लक आणि नवा शेवटचा दिवस या चार गोष्टी एका परिच्छेदात स्वच्छ मांडा. तसा परिच्छेद राहिला असेल, तर दुरुस्ती अर्जाचा विचार पुरावा सुरू होण्यापूर्वीच करावा.

सगुफा अहमद प्रकरणाची गोष्ट वेगळी आहे. त्यात आदेशाची नक्कल १९ डिसेंबर २०१९ ला मिळाली आणि अपिलाचे ४५ दिवस २ फेब्रुवारी २०२० ला, म्हणजे सवलत सुरू होण्याआधीच, संपले. अपील न्यायाधिकरणाला विलंब माफ करता येईल असे पुढचे ४५ दिवस १८ मार्चला संपत होते. अपील दाखल झाले जुलैमध्ये. १८ सप्टेंबर २०२० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की वाढवली गेली ती मुदत. विलंबमाफीची कमाल मर्यादा वाढवलेली नाही. निकाल कठोर वाटतो, पण तेव्हाच्या आदेशाच्या शब्दांना धरून आहे. पुढे ८ मार्च २०२१ पासूनच्या आदेशांत ही कमाल मर्यादाही शब्दशः समाविष्ट झाली, आणि व्यापारी दाव्यात कैफियतीसाठी असलेल्या १२० दिवसांच्या प्रश्नावर २०२२ मध्ये प्रकाश कॉर्पोरेट्स प्रकरणात प्रतिवादीला त्याचा लाभ मिळाला. म्हणून सगुफा अहमद तुमच्याविरुद्ध दाखवला गेला, तर त्याची तारीख आधी पाहा.

ही सवलत कोणासाठी होती, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर एस. कासी प्रकरणात १९ जून २०२० रोजी मिळाले. दोषारोपपत्र ठरलेल्या दिवसांत दाखल न झाल्यास आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो; मुदतवाढीमुळे पोलिसांचेही दिवस वाढले, असे मद्रास उच्च न्यायालयाने धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. घराबाहेर पडू न शकणाऱ्या पक्षकाराची अडचण दूर करण्यासाठी दिलेला आदेश कोठडीतील माणसाचे स्वातंत्र्य आकसण्यासाठी वापरता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. फौजदारी काम करणाऱ्यांनी हा निकाल भविष्यातील कोणत्याही आपत्तीसाठी हाताशी ठेवावा.

न वटलेल्या धनादेशाच्या प्रकरणांत नोटीस देण्याचे ३० दिवस आणि रक्कम चुकती करण्याचे १५ दिवस, दोन्ही या आदेशांत आले आहेत. यातले १५ दिवस आरोपीच्या फायद्याचे आहेत, हे फिर्यादीच्या वकिलाच्या सहसा लक्षात येत नाही.

नोटिसा व समन्सच्या बजावणीबाबत १० जुलै २०२० च्या आदेशाने ईमेल, फॅक्स, व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल अशा मार्गांना मान्यता दिली. त्यातली अट मात्र अनेकांनी वाचलीच नाही : मेसेजिंग सेवेवरून बजावणी केली, तर तीच कागदपत्रे त्याच दिवशी ईमेलनेही पाठवणे बंधनकारक होते. त्या काळातील बजावणीवर आक्षेप आला, तर निळ्या टिकांचा स्क्रीनशॉट पुरेसा नाही. त्याच तारखेचा ईमेल काढून ठेवा. तो स्क्रीनशॉट पुराव्यात वाचायचा असेल, तर त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्रही लागेल. १४ जुलै २०२० च्या अर्जुन खोतकर निकालानंतर त्यात पळवाट उरलेली नाही. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले, तरच ते लागत नाही.

दूरदृश्य सुनावणीवर कौतुकाची भाषणे पुष्कळ झाली आहेत, तेव्हा मी एकच मुद्दा घेतो. ६ एप्रिल २०२० च्या निर्देशांनुसार, उच्च न्यायालयांचे नियम होईपर्यंत, दोन्ही पक्षांच्या परस्पर संमतीशिवाय दूरदृश्य माध्यमातून पुरावा नोंदवता येत नव्हता. त्या काळातील साक्ष तुमच्या अपिलात आली असेल, तर आधी रोजनामा (न्यायालयाच्या दैनंदिन कामकाजाची नोंद) काढा आणि संमतीची नोंद किंवा दोन्ही बाजूंची पुरसीस (लेखी निवेदन) आहे का ते तपासा. उच्च न्यायालयांचे स्वतंत्र नियम वेगवेगळ्या दिवशी लागू झाले. म्हणून साक्षीची तारीख त्या नियमांच्या आधीची की नंतरची, हे अपिलाच्या मुद्द्यांत पहिल्याच ओळीत लिहा.