एक्स कुठे आहे?

(दृश्य : पागा. खरारा करणारे हात.)

आधी खरारा, मग खोगीर. मोतद्दारकाका मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत एक बाजू करतात. दुसरी बाजू या मुलीची. ती ड्रेसाज शिकतेय, घोडेस्वारीचा एक प्रकार. हात कुठे लागला की घोडीची कातडी थरथरते, हे तिला इथेच कळतं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडी पोट फुगवते. लबाड आहे! म्हणून चार पावलं चालवून तंग पुन्हा एक भोक वर घ्यायचा.

(दृश्य : ड्रोनवरून रिकामं मैदान.)

२० मीटर रुंद, ४० मीटर लांब. मोठ्या स्पर्धेत लांबी ६० मीटर. कडेला पाट्या : ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. हा क्रम असाच का, याच्या कथा पुष्कळ, खात्रीचं उत्तर नाही. पाठ मात्र सगळ्यांनी करायचा. आणि बरोबर मधोमध एक्स. त्याची पाटीच नसते.

हे ड्रेसाजचं मैदान. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ घोडा तयार करणं. उड्या नाहीत, शर्यत नाही. ठरलेल्या जागी ठरलेली चाल, आणि प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण.

(दृश्य : वर्तुळ, वरून. वाळूतले खुरांचे ठसे.)

पहिला धडा, २० मीटरचं वर्तुळ. ए पासून निघून एक्सवरून परत ए. कागदावर सोपं. नवशिक्याचं वर्तुळ हमखास अंड्यासारखं होतं. वाळू काही लपवत नाही. आता दुडकी. डावा पुढचा आणि उजवा मागचा पाय एकत्र पडतो, मग दुसरी जोडी. टप-टप, टप-टप. मागचा खूर पुढच्याच्या ठशात पडतोय का, तिकडे बघा. पडला, तर घोडी मागून जोर लावतेय.

(दृश्य : जवळून, मूठ आणि कान.)

आता वेग आवरायचाय. लगाम खेचला का? नाही. मुलीनं श्वास सोडला, मांड खोल केली, मूठ क्षणभर आवळली आणि सैल सोडली. घोडीचा एक कान मागे वळला. ऐकलं तिनं. बघणाऱ्याला वाटतं, घोडी आपल्या मनानंच चाललीय. हेच हवं असतं.

हात जड असेल तर घोड्याचं तोंड दुखावतं, पाठ धरते. स्पर्धेत घोड्याच्या अंगावर ताजं रक्त दिसलं, तर स्वार बाद.

(दृश्य : जुनी छायाचित्रं.)

ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज आलं १९१२ साली, स्टॉकहोमला. १९४८ पर्यंत ते फक्त लष्करी अधिकाऱ्यांचं. १९५२ला हेलसिंकीत स्त्रियांना परवानगी मिळाली आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी पुरुषांच्या बरोबरीनं उतरून रौप्यपदक घेतलं. पोलिओनं त्यांचे गुडघ्याखालचे पाय निकामी झाले होते. टाच मारून घोडा चालतो म्हणणाऱ्यांनी हे छायाचित्र जरा थांबून बघावं.

(दृश्य : हांगझोऊ, चौघं पदकांसह.)

सप्टेंबर २०२३, आशियाई स्पर्धा. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. सांघिक सुवर्ण, २०९.२०५ गुण. घोडेस्वारीत भारताला सुवर्ण मिळालं ते ४१ वर्षांनी. चौघांचीही तयारी युरोपात राहून झालेली. खर्चाचा अंदाज तुम्हीच करा. पुढच्याच वर्षी अनुष पॅरिसला गेला. ऑलिंपिक ड्रेसाजमधला तो पहिला भारतीय.

(दृश्य : पुन्हा मैदान. सराव-परीक्षा.)

परीक्षक सी पाशी बसलेत. मुलगी ए मधून आत आली. मान सरळ, नजर सीवर. खाली बघायचं नाही, आणि बघितलं तरी तिथे वाळूच आहे. डावीकडे ई, उजवीकडे बी. दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांत आले की तोच एक्स.

थांबली. चारही पाय चौकोनात असायला हवेत. मागचा डावा अर्धं पाऊल मागे राहिला.

सलाम.

साडेपाच गुण.

(दृश्य : मुलगी घोडीच्या मानेवर थोपटते.)