कढईच्या बुडाशी

सकाळचं खळं. तुरीची रास पडली आहे, आजी सूप उंच धरून उभी. वारा आला की कुटार तिकडं उडते अन् दाणे सरळ पायाजवळ, दाणा जड कुटार हलकं, एवढ्याच फरकावर सगळं काम. मिश्रण वेगळं करणं ते हेच, धड्याचं नाव काय ते आजीला माहीत नाही.

आता नाल्याचं गढूळ पाणी पाहा. माती इतकी बारीक की रात्रभर गुंडात ठेवा, खाली बसत नाही, कारण कणांवर सारखाच विद्युतभार असते अन् ते एकमेकांना लोटत राहतात. तुरटीचे दोन फेरे दिले की तो भार मरते, कण चिकटतात, जड होतात, बसतात. वरचं पाणी फडक्यातून गाळून घेतलं (तरी उकळा बाप्पा, जंतू काही तुरटीला भीत नाहीत).

अन् हे बोअरचं पाणी. काचेसारखं स्वच्छ. पोरानं फिल्टर पेपरातून गाळलं, पेपर कोरा! घोट घेतला तर तोंड वाकडं. कारण हे द्रावण आहे, मीठ पाण्यात पूर्ण विरघळलेलं, फडक्यात अडकणार काय?

म्हणून कढई चुलीवर. उकळू द्या... पाणी चाललं वाफेत, कडेला पांढरी रेघ उमटते, मग बुडाशी थर. झाकणाला जमलेले थेंब चाखा, खारटपणा नाही. हे ऊर्ध्वपातन. पूर्णा नदीकाठी पूर्वी खाऱ्या विहिरींचं पाणी आटवून मीठ काढायचे, त्यांना मीठ पाहिजे होतं, आपल्याला पाणी पाहिजे.

अकोला, अमरावती, बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यांतला हा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. प्यायच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असावे, दुसरा सोर्सच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्या असं भारतीय मानक सांगते. आता रोज घरोघरी कढई चढवायची तर सरपण कुठून आणता? मग आरओ, म्हणजे पंपानं दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून ढकलायचं, क्षार अलीकडं राहतात.

तिकडं सातपुड्यात धरणं भरली आहेत. तिथून पाइपलाइन आली तर क्षार वेगळे करावेच लागत नाहीत.

दुपारी लाइन गेली. आरओचा प्लांट बंद. कॅनची रांग तशीच उन्हात.