घन कुठला, गोल कुठला?

[पडदा काळा. लाकडी टेबलावर एकामागून एक दोन वस्तू ठेवल्याचा आवाज.]

मराठीत आपण नुसते डोळ्यांनी बघत नाही. आमटीत मीठ पडलंय का ते चाखून बघतो, दूध नासलंय का ते वास घेऊन बघतो, पोराच्या अंगात ताप आहे का ते हात लावून बघतो. सगळ्या इंद्रियांचं काम भाषेने एकाच क्रियापदाच्या गळ्यात घातलंय. पण हाताने बघणं आणि डोळ्याने बघणं हे खरंच एकच का? सतराव्या शतकात डब्लिनच्या एका माणसाने नेमकं हेच विचारलं.

[उजेड. टेबलावर धातूचा एक घन आणि एक गोल.]

विल्यम मॉलिन्यू. भिंगं आणि दुर्बिणी हा त्याचा अभ्यासाचा विषय. त्याची बायको ल्यूसी हिची दृष्टी लग्नानंतर थोड्याच काळात गेली होती. प्रश्नाची मुळं इथेच कुठेतरी असावीत, असं वाटल्यावाचून राहत नाही.

७ जुलै १६८८ रोजी त्याने एक पत्र लिहिलं. समजा, एक माणूस जन्मांध आहे. घन आणि गोल हाताने चाचपून ओळखायला तो शिकलाय. एके दिवशी त्याला दिसू लागतं. दोन्ही वस्तू समोर ठेवल्या आहेत. हात न लावता तो सांगेल का, घन कुठला आणि गोल कुठला?

पत्र इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकसाठी होतं. उत्तर आलं नाही. पुढे १६९२ मध्ये मॉलिन्यूने आपल्या पुस्तकात लॉकची तोंडभरून स्तुती केली, तेव्हा मात्र आभाराचं पत्र आलं. विद्वानही शेवटी माणसंच. मग त्याने तोच प्रश्न पुन्हा धाडला, आणि लॉकने तो १६९४ साली आपल्या मानवी आकलनावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत घातला.

लॉकचं उत्तर होतं: नाही ओळखणार. जन्मतः मन म्हणजे कोरा कागद. घनाचा कोपरा तळव्याला टोचतो, हे या माणसाला ठाऊक आहे. पण तळव्याला टोचणारी गोष्ट डोळ्याला कशी दिसते, हे त्याला कोण सांगणार? ते अनुभवानेच जुळायचं. अनुभववाद म्हणतात तो हाच.

[हॅनोव्हर. मेणबत्तीच्या उजेडात लिहिणारा हात.]

जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये तत्त्वज्ञ गॉटफ्रीड लायब्निझने लॉकचा हा ग्रंथ फ्रेंच भाषांतरात वाचला आणि मुद्द्यागणिक उत्तर लिहायला घेतलं. ते लिहून होत आलं तोच १७०४ मध्ये लॉक वारला. मेलेल्या माणसाशी काय भांडायचं म्हणून लायब्निझने हस्तलिखित बाजूला ठेवलं. ते छापलं गेलं १७६५ साली. तोवर लायब्निझलाही जाऊन जवळपास पन्नास वर्षं झाली होती.

त्याचं म्हणणं: ओळखेल, पण एका अटीवर. समोर आहेत ते तेच घन आणि गोल, एवढं त्याला आधी सांगा. मग तो तर्क करेल. घनाला वेगळे उठून दिसणारे आठ बिंदू आहेत, गोलाला एकही नाही. ही गोष्ट हाताचीही नाही आणि डोळ्याचीही नाही, ती भूमितीची आहे. आणि भूमिती बुद्धीची. हा बुद्धिवाद.

त्याच काळात केंब्रिजमध्ये निकोलस सॉन्डरसन शिकवत होता. तान्हेपणी देवींनी त्याचे डोळे नेले होते. तरी तो डोळस विद्यार्थ्यांना प्रकाशाचे नियम शिकवायचा, आणि १७११ मध्ये तो गणिताच्या ल्यूकेशियन अध्यासनावर, म्हणजे तिथल्या प्राध्यापकपदावर बसला.

पाठ्यपुस्तकांत तिकडे बुद्धिवादी देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ आणि इकडे अनुभववादी लॉक, बर्कली, ह्यूम असे तत्त्वज्ञ कबड्डीच्या संघांसारखे समोरासमोर उभे असतात. ही आखणी नंतरची. त्या मंडळींना आपण कुठल्या संघात आहोत, याचा पत्ताही नव्हता.

[लंडन. मांजराचा आवाज.]

१७२८ मध्ये विल्यम चेसेल्डन या शल्यचिकित्सकाने तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. मोतीबिंदू काढल्यावर सगळ्या वस्तू आपल्या डोळ्यांना चिकटल्यात, असं त्या मुलाला वाटलं. कुत्रा कुठला आणि मांजर कुठलं, हे तो सारखं विसरायचा, आणि विचारायची त्याला लाज वाटायची. एकदा त्याने मांजर पकडलं, अंगावरून हात फिरवत त्याच्याकडे टक लावून पाहिलं, खाली सोडलं आणि म्हणाला, आता पुढच्या वेळी तुला ओळखेन.

लॉकचा पक्ष खूश झाला. पण एका पोराच्या हकिकतीवर कितीसा भार टाकणार?

[दिल्ली. डोळ्यांच्या रुग्णालयाची मार्गिका.]

नीट मांडलेला प्रयोग व्हायला एकविसावं शतक उजाडलं, आणि तो झाला आपल्याकडे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मधून दिल्लीच्या डॉ. श्रॉफ्स चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये जन्मतः न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया होत होत्या. त्यांतली ८ ते १७ वर्षांची पाच मुलं निवडली. डोळे उघडून ४८ तास व्हायच्या आत त्यांच्यापुढे खेळण्यातल्यासारखे ठोकळे आले. एक ठोकळा न बघता चाचपायचा, मग समोरच्या दोनांतून तो नजरेने ओळखायचा.

एकदा पाहिलेला ठोकळा पुन्हा बघून ओळखणं: ९२ टक्के बरोबर. चाचपलेला पुन्हा चाचपून: ९८ टक्के. चाचपलेला बघून: ५८ टक्के. दोनांतून एक निवडायचाय, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं तरी ५० मिळतातच.

२०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि लॉक जिंकला, असं पुष्कळांनी लिहिलं. मला ते घाईचं वाटतं. काही मुलांची थोड्या दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा त्यांचे गुण चांगलेच वाढले होते. मधल्या काळात त्यांना कुणी धडे दिले नव्हते. कोऱ्या कागदावर इतक्या लवकर अक्षर उमटतं का, की कागदावर आधीच रेघा आखलेल्या असतात?

आणि लायब्निझची अट? समोर तेच घन आणि गोल आहेत हे आधी सांगा, मग त्याला तर्क करू द्या, असं तो म्हणाला होता. दिल्लीच्या मुलांना कोपरे मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.

[टेबलावरचे घन आणि गोल. चौकटीत एक हात येतो आणि थांबतो.]