गिऱ्हाईक कोणाचं?

(दृश्य: तव्यावर फुगणारी पोळी.)

सकाळचे साडेअकरा. ठाण्यातल्या नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीतलं हे पोळीभाजी केंद्र. चालवणाऱ्या ताई काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला ओळखतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या पोळीला तूप नको, बँकेतल्या साहेबांचा गुरुवारी उपास.

तेवढ्यात टॅब वाजतो. डबे पोचवणाऱ्या ॲपवरची ऑर्डर: चार पोळ्या, मटकीची उसळ, वरणभात. खाली फक्त पहिलं नाव, फोन नंबर नाही. दोन वर्षं ही बाई इथलंच जेवतेय. ती कोण, कुठली, हे ॲपला ठाऊक आहे, ताईंना नाही.

(दृश्य: हिशेबाचा कागद. कापलेल्या कमिशनवर थांबलेलं बोट.)

गिऱ्हाइकाला सवलत मिळाली, डबा गरम पोचला. मग बिघडलं कुठे? बाजारात बड्या कंपन्यांनी इतरांना अडवू नये म्हणून असलेल्या स्पर्धा कायद्याची चर्चा बहुतेक वेळा इथेच थांबते: भाव वाढला का, एवढं बघायचं आणि फाइल मिटायची.

पण आपला २००२चा कायदा उघडून बघा. अगदी सुरुवातीला, उद्देशिकेतच, ग्राहकांच्या हिताशेजारी बाजारातल्या इतरांचं व्यापारस्वातंत्र्यही लिहिलेलं आहे. हे शब्द आम्हाला फार मोलाचे वाटतात. ताईंची बाजू त्यातच आहे.

नुसत्या भावावर भागत नाही, हे हा कायदा राबवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगानंही दाखवलंय. ऑक्टोबर २०२२मध्ये अँड्रॉइड प्रकरणात गुगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड झाला. सर्च तर फुकटच होतं! मुद्दा होता फोनमध्ये आधीच बसवून दिलेल्या ॲप्सचा, म्हणजे दुसऱ्याला दारातच अडवण्याचा.

अडचण वेळेची आहे. आधी कंपनीचं बाजारातलं वर्चस्व सिद्ध करा, मग त्याचा गैरवापर. त्यात वर्षं जातात. मार्च २०२४मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला, तो यासाठीच: बड्या डिजिटल कंपन्यांना नियम आधीच घालून द्यायचे. सरसकट नियमांनी नव्या कंपन्याही अडतील, ही भीती खोटी नाही. तरीही ताईंना पाच वर्षांनी लागणारा निकाल काय कामाचा? गॅसचं सिलिंडर याच आठवड्यात भरायचंय.

आमचं मागणं साधं आहे. गिऱ्हाइकाची हरकत नसेल, तर त्याचा नंबर ताईंना मिळावा. उद्या त्यांनी दुसरं ॲप धरलं किंवा स्वतःच डबे पोचवले, तर दोन वर्षांची ओळख मागे राहू नये.

(दृश्य: टॅब पुन्हा वाजतो. तेच पहिलं नाव. ताई उसळीत तिखट बेतानं घालतात.)